जखडलेल्या अवयवांची मुक्तता

पोलिओने लुळे पडलेले मुलांचे हातपाय लाकडी पट्ट्यांत किंवा प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने जखडून ठेवावेत, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वैद्यकाचा रूढ दंडक होता. बळकट स्नायूंच्या ओढीने दुर्बळ अवयव वाकडा होऊ नये, हा त्यामागील सद्धेतू. परंतु परिणाम पुष्कळदा विपरीत होई. सांधे आखडत, स्नायू झिजत आणि ताप उतरलेले मूल पांगळेच राही.

या दंडकाला आव्हान दिले ते ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने. विशेष हे की, रुग्णशुश्रूषेच्या रीतसर शिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. १९११ साली क्वीन्सलंडच्या एका खेड्यात वेदनेने तळमळणाऱ्या लहान मुलीस लोकरीच्या कापडाचा शेक देताच तिला आराम पडला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे त्यांची पद्धती निश्चित झाली. लोकरीचे कापड कढत पाण्यातून काढून घट्ट पिळावयाचे व आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळावयाचे. वेदना शमल्यावर सांधे हलक्या हाताने हलवावयाचे. आणि अखेर कोणता स्नायू कोणते काम करतो हे समजावून रुग्णाकडूनच ते करवून घ्यावयाचे.

वैद्यवर्गास हे रुचले नाही. १९३८ साली क्वीन्सलंडच्या शाही चौकशी मंडळाने प्रतिकूल अभिप्राय दिला. १९४० साली केनीबाई अमेरिकेस गेल्या. मिनिआपोलिस येथील काही डॉक्टरांनी त्यांची पद्धती पारखून पाहिली आणि १९४२ साली त्यांच्या नावाची संस्था तेथे उभी राहिली. जखडण्याची रूढी झपाट्याने मागे पडली.

केनीबाईंची उपपत्ती मात्र कसोटीस उतरली नाही. रोगाचे मूळ त्या स्नायूंत शोधीत. ते असते मज्जारज्जूत. तेथील मृत पेशी शेकाने जिवंत होत नाहीत. पण वाचलेल्या पेशी नवे तंतू पसरून निराधार स्नायूंना हाताशी धरतात, आणि तोवर सांधे मोकळे राखण्याचे व उरलेले बळ वाढविण्याचे काम शेक आणि व्यायाम करतात. सिद्धान्त चुकला, तरी उपचार सार्थ ठरला.

१९५२ साली मुंबईत पोलिओची साथ पसरली आणि १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. ती कामगिरी लसीची. परंतु पक्षाघाताच्या किंवा अस्थिभंगाच्या रुग्णास शक्य तितक्या लवकर हालते करणारे हात आजही तोच धडा गिरवीत आहेत: विश्रांती औषध खरी, पण तिलाही मात्रा असते.