बिलावरचा आकडा आणि हातातला आकडा

१९९८ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत मी कंत्राटावर प्रोग्रॅमिंग करत होतो. ‘वायटूके’चे दिवस होते आणि कोबोल येणाऱ्या माणसाला भाव होता. एका दुपारी प्रिंटरवरून माझे कागद उचलले, तर त्यांच्याबरोबर भलताच एक कागद हातात आला. ते बिल होते. त्यावर माझे नाव होते, आठवड्याचे ४० तास होते आणि तासाचा दर होता ६८ डॉलर. मला मिळत होते ३१. बिल पाठवणाऱ्या कंपनीचे नाव तर मी त्याआधी कधी ऐकलेही नव्हते.

त्या काळात इकडे आलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला असा एखादा कागद आला असेल. रात्री भात खाता खाता मी ही हकिकत रूममेटला सांगितली. तो बीड जिल्ह्यातला. त्याच्या गावातून दर दिवाळीच्या सुमारास उसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या. तो हसला आणि म्हणाला, “अरे, मग आपणही कोयतेच की! मुकादम तेवढा सूट घालतो.”

त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले. मुकादम कारखान्याकडून पैसे आणतो, जोडप्यांना उचल देतो, टोळी घेऊन जातो आणि तोडीच्या दरावर आपले कमिशन घेतो. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर, बायकांच्या खात्यातली नायकीण, हीसुद्धा त्याच जातकुळीतली माणसे. नोकरी लावायची, टिकवायची, आणि त्याबद्दल कामगाराकडून हात ओले करून घ्यायचे. १९३१च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात जॉबरच्या या लाचखोरीची नोंद आहे. मला वाटायचे की हा प्रकार खास आपल्याकडचा आणि आपलीच माणसे तो अमेरिकेत घेऊन आली. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की अमेरिकेला मुकादम आयात करायची गरज नव्हती. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात स्टीव्हन्स स्ट्रीटवर नोकऱ्या विकणाऱ्या दुकानांची रांग होती. आसपासच्या जंगलांत लाकूडतोड, रेल्वेची कामे, शेतांतली कापणी. या कामांसाठी माणसे लागत. मजूर दुकानात जाऊन साधारण एक डॉलर भरायचा आणि कामाच्या ठिकाणाची चिठ्ठी घ्यायचा. कधी तिथे काम नसायचेच. कधी असायचे, पण थोड्याच दिवसांत फोरमन त्याला काढून टाकायचा, कारण नवा माणूस आला की नवा डॉलर, आणि त्यात फोरमनचा वाटा. मजूर आपसात थट्टा करत की या धंद्यात तीन टोळ्या असतात. एक कामावर येणारी, एक काम करणारी आणि एक परत जाणारी. या दुकानदारांना ते ‘शार्क’ म्हणत.

‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेने रस्त्यावर उभे राहून याविरुद्ध भाषणे सुरू केली. शहराने रस्त्यावरच्या भाषणांना बंदी घातली. नोव्हेंबर १९०९पासून एकामागून एक माणूस खोक्यावर चढायचा, दोन शब्द बोलायचा आणि तुरुंगात जायचा. शेकडो लोक असे आत गेले. एलिझाबेथ गर्ली फ्लिन तेव्हा १९ वर्षांची होती आणि गरोदर होती. तिलाही अटक झाली. शेवटी १९१०च्या मार्चमध्ये शहर नमले आणि बदनाम दुकानांचे परवाने रद्द झाले.

राज्यातल्या मतदारांनी १९१४ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. कामगाराकडून नोकरीसाठी फी घेणेच बेकायदा ठरवणारा कायदा त्यांनी थेट मतदानाने मंजूर केला. पण तीन वर्षांनी, ‘ॲडम्स विरुद्ध टॅनर’ या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. एखादा धंदा काही लोक वाईट रीतीने करतात म्हणून तो बंदच करता येत नाही, असा बहुमताचा सूर होता. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधी मत लिहिले आणि त्यात या धंद्यातल्या फसवणुकीची मोठी जंत्रीच मांडली. फीवर मर्यादा घालायला न्यायालयाने अखेर मान्यता दिली ती १९४१ साली. नेब्रास्काच्या कायद्यात ही मर्यादा पहिल्या महिन्याच्या पगाराच्या १० टक्के होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्पोकेनच्या मजुराला लुबाडले जात होते, पण किती लुबाडले ते त्याला माहीत होते. डॉलर त्याच्याच खिशातून जात होता. म्हणून तो खोक्यावर चढून त्याबद्दल बोलू शकला.

नेब्रास्काच्या निकालानंतर पाचच वर्षांनी, १९४६ साली, विल्यम रसेल केली यांनी डेट्रॉइटमध्ये ऑफिसची कामे करून देणारी एक छोटी कंपनी काढली. पुढे तीच ‘केली गर्ल’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९४८ साली मिलवॉकीत एल्मर विंटर आणि ॲरन शाइनफेल्ड या दोन वकिलांनी ‘मॅनपॉवर’ सुरू केली. यांची पद्धत वेगळी होती. कामगाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. टायपिस्ट बाई आमची नोकर, तिचा पगार आम्ही देणार. तुम्ही तिला हवे तितके दिवस वापरा आणि आम्हाला तासाच्या दराने पैसे द्या.

यातली खरी चलाखी कायद्याची होती. फीची मर्यादा नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीला लागू होती. या कंपन्यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत राज्याराज्यांत एकच मुद्दा लावून धरला. आम्ही एजन्सी नाहीच, आम्ही मालक आहोत. आणि मालक आपला माल कितीला विकतो हा त्याचा प्रश्न. हळूहळू हे म्हणणे मान्य झाले. कामगाराच्या खिशातून जाणारी फी गेली, तिच्या जागी बिलातला फरक आला, आणि त्या फरकावर मर्यादा उरली नाही.

या बायका वरखर्चासाठी काम करतात, घर चालवायला नवरे आहेत, असा प्रचारही जोडीला होता. १९७१ साली केली गर्लची एक जाहिरात आली. तिचा आशय असा की ही मुलगी रजा घेत नाही, पगारवाढ मागत नाही आणि काम नसेल तेव्हा तिचा खर्चही नाही. जाहिरात कामगारासाठी नव्हतीच. ती होती बिल भरणाऱ्यासाठी.

आता थोडा हिशेब करू, कारण रागाच्या भरात मी तो १९९८ साली केला नव्हता. समजा, एजन्सी तुम्हाला तासाला २० डॉलर देते आणि कंपनीकडून ३० घेते. मधले १० डॉलर म्हणजे पगारावर ५० टक्के मार्कअप. पण बिलाच्या मानाने बघितले तर ३३ टक्के मार्जिन. फरक एकच, टक्के दोन. कामगाराशी बोलताना एजन्सी सहसा लहान आकडा सांगते. त्या दहातून मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर, म्हणजे ७.६५ टक्के, दीड डॉलर जातो. बेकारी विमा आणि अपघात विमा यांचा खर्च कामानुसार बदलतो. टेबलावरच्या कामाला तो किरकोळ असतो, गोदामात किंवा छपरावर काम असेल तर बराच. शिवाय तुमचा पगार दर आठवड्याला द्यायचा आणि कंपनीचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येणार, तोवरचे व्याज. भरती करणाऱ्यांचे पगार, ऑफिसचे भाडे. उरेल तो नफा. मॅनपॉवरग्रुपसारख्या जगभर पसरलेल्या कंपनीचा ढोबळ नफाही अलीकडच्या वर्षांत विक्रीच्या १७-१८ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि निव्वळ नफा त्याहून फारच कमी.

म्हणजे मधला प्रत्येक डॉलर चोरीचा नसतो. हे मान्य करायला मला बरीच वर्षे लागली.

पण माझे ३७ डॉलर? ३१ वर ३७ म्हणजे ११९ टक्के मार्कअप. त्याचे उत्तर बिलावरच्या त्या अनोळखी नावात होते. मोठ्या कंपन्या ठरावीक व्हेंडरांकडूनच माणसे घेतात. त्या व्हेंडरने माझ्या कन्सल्टन्सीकडून मला घेतले होते. एकाच माणसावर दोन मुकादम, आणि कधी कधी तीन. १९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरवली. वायटूकेच्या धामधुमीत ती १,१५,००० आणि नंतर तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली. व्हिसा कन्सल्टन्सीच्या नावावर, त्यामुळे दुसरीकडे जास्त पैसे मिळतात म्हणून उठून जाणे सोपे नव्हते. काम नसताना ‘बेंच’वर बसवून पगार न देण्याची पद्धत सर्रास होती. १९९८च्या कायद्याने ती बंद केली. २०००च्या कायद्याने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच नोकरी बदलता येऊ लागली. दोन्ही सुधारणा मोलाच्या होत्या. पण गंमत बघा. एच-१बीवरच्या माणसाचा पगार सरकारी अर्जात लिहिलेला असतो, त्याची सूचना कामाच्या जागी लावावी लागते. त्याच माणसाच्या बिलाचा दर मात्र कुठेच लावलेला नसतो. माझ्या करारात तर क्लायंटशी दराबद्दल बोलायचे नाही, असे स्वच्छ कलम होते.

तुमच्यापैकी जे ब्रिटनमध्ये आहेत त्यांची स्थिती थोडी बरी. तिथे कामगाराकडून नोकरीसाठी फी घेण्यावर १९७३च्या कायद्यानेच बंदी आहे, १२ आठवड्यांनंतर कायम कामगारांइतके मूळ वेतन द्यावे लागते, आणि एप्रिल २०२०पासून एजन्सीला पगार व कपातींचा तपशील आधीच लेखी द्यावा लागतो. आखातात असाल तर तुम्ही अजून स्पोकेनच्या जवळ आहात. भारतीय नियमांनुसार भरती एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. प्रत्यक्षात किती घेतले जातात हे तिथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या कराराचे तत्त्व मात्र सरळ आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर नोकरीसाठी कामगाराकडून काहीच घेऊ नये.

तत्त्व योग्यच आहे. माझा मुद्दा एवढाच की ते पुरेसे नाही. फी कामगाराकडून घ्या किंवा बिलात घाला, ती निघते एकाच माणसाच्या श्रमातून. जुन्या पद्धतीत त्याला ती दिसायची. नव्या पद्धतीत कामगाराला बिल दिसत नाही, कंपनीला पगार दिसत नाही, आणि दोन्ही आकडे फक्त मधल्याला दिसतात. भाव करताना ज्याला दोन्ही बाजू माहीत असतात तोच जिंकतो, हे भाजी मंडईत जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आता मी टेबलाच्या पलीकडे आहे. कंत्राटी माणसांच्या टाइमशीटवर माझी सही असते. गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये नाशिकची एक मुलगी आली. मराठी आहे कळल्यावर काही दिवसांतच ती मला काका म्हणायला लागली. एकदा जेवताना तिने विचारले, “काका, माझ्यासाठी आपली कंपनी किती देते हो?” मला आकडा माहीत होता. तो न सांगण्याच्या कागदावर माझी सही होती. मी म्हणालो, “अगं, ते मला सांगता येणार नाही. पण तू तुझ्या एजन्सीला तीन गोष्टी विचार. बिल रेट किती, मध्ये किती व्हेंडर आहेत आणि माझा वाटा किती टक्के. उत्तर दिलं नाही, तर तेही एक उत्तरच समज.”

तिने विचारले. एका व्हेंडरचा पत्ता लागला, आणि करार नवा करताना तिला तासाला चार डॉलर वाढवून मिळाले. ती खूश होऊन पेढे घेऊन आली. पेढा मी खाल्ला, पण खरे सांगतो, घशाखाली सहज उतरला नाही. बिलावरचा आकडा मला माहीत होता, आणि चार डॉलर किती कमी आहेत तेही.