शाळेचा दाखला

भगिनींनो, आपल्या आज्यांपैकी कितीजणींचा वाढदिवस १ जूनला नाहीतर १ जुलैला येतो, पाहिलेत का? मुलगी शाळेत घातली की गुरुजी अंदाजाने तारीख मांडीत. ती एकदा मांडली की जन्माची झाली!

त्याहून मोठे संकट दाखल्याचे. पोटासाठी गाव सोडावे, तर जुनी शाळा दाखला देईपर्यंत नवी शाळा दारात उभे करीत नसे. कित्येक मुलींची शाळा तेथेच संपली.

आपल्या हिंगणीपासून जवळच, वर्ध्याला, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, असा ठराव झाला. तो हक्क कायद्यात उतरायला मात्र २००९ साल उजाडले! १ एप्रिल २०१० पासून मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. तो उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. शेजारणीला हे जरूर सांगा.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे शाळेच्या कागदावर आधी आईचे नाव येईल, मग वडिलांचे. ही बाळे २०३० च्या सुमारास पहिलीत बसतील.