गाजराची गोळी आणि मामूंची बिडी

मागच्या ईदला मामूंनी सदऱ्याच्या खिशातून एक बाटली काढून दाखवली. वर हिरवं पान, खाली ‘वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट’ आणि तारुण्य टिकवण्याची हमी. घटकांत बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारा पदार्थ. दुसऱ्या खिशात बिडीचं बंडल. दुकानदार म्हणाला होता, बिडीचा असर ही गोळी काढते.

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. 1956 साली अमेरिकेत डेन्हम हार्मन यांनी मांडलं, की शरीरात तयार होणारे फ्री रॅडिकल पेशींची झीज करतात आणि त्यातून म्हातारपण येतं. मग त्यांना आवरणारं काही खाल्लं तर? 1981 मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल वगैरेंनी ‘नेचर’मध्ये विचारलं, बीटा-कॅरोटीनने कर्करोग कमी होईल का? हे डॉल म्हणजे तंबाखू आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी दावा केला नव्हता. चाचणी करून बघा म्हटलं होतं. बाजाराला तेवढा धीर कुठला!

चाचणी फिनलंडमध्ये झाली. 50 ते 69 वयाचे 29,133 धूम्रपान करणारे पुरुष, म्हणजे थेट मामूंचीच जमात. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ते नाही. पाच ते आठ वर्षांनी, 1994 मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला! अनेकांना वाटलं, योगायोग असेल. पण अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या 18,314 लोकांवर अशीच चाचणी चालू होती. तिथे गोळी घेणाऱ्या गटात 28 टक्के जास्त कर्करोग दिसला आणि जानेवारी 1996 मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. अमेरिकेतल्याच 22,071 डॉक्टरांवर बारा वर्षं चाचणी झाली, त्यातल्या काहींनीच ही गोळी घेतली. त्यांच्यातले बहुतेक बिनधुम्रपानी. तोटा नाही, फायदाही नाही.

गाजर खाणारे निरोगी दिसत होते ते इतरही अनेक बाबतींत जपून राहत असावेत. गाजरातून एक रेणू वेगळा काढून भरमसाट दिला, की धुराने पोळलेल्या फुप्फुसात तो उलटा वागत असावा, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मी हे सगळं मामूंना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग गाजराचा हलवा पण बंद का?”

“हलवा खा मामू. बाटली ठेवून द्या. आणि बिडी...”

“घे, मामीशी बोल,” म्हणत त्यांनी फोन मामींकडे दिला.