पैलतीराचे दान

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील वाड्याच्या ओसरीतून पोटोमॅक नदीचा पैलतीर दिसतो. राजधानी इतकी निकट असूनही तो तीर अद्याप वनराजीने झाकलेला आहे. ही केवळ निसर्गाची कृपा नव्हे. तिच्यामागे काही कुटुंबांनी लिहून दिलेली करारपत्रे आहेत.

१९२२ मध्ये फर्ग्युसन दांपत्याने त्या तीरावर, मेरीलँड राज्यात, एक शेत घेतले. भोवतालची जमीन त्यांनी रानाची बूज राखणाऱ्या स्नेह्यांस विकली. १९५५ च्या सुमारास तेथे तेलाच्या टाक्या बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा लोकप्रतिनिधी फ्रान्सिस बोल्टन यांनी सुमारे ५०० एकर जमीन स्वतः खरेदी करून तो टाळला. पुढे सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राची योजना आली. तेव्हा १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पिस्कॅटवे उद्यानाचा कायदा केला.

सारा तीर विकत घेणे फार खर्चाचे होते आणि तशी आवश्यकताही नव्हती. तेथील कुटुंबांनी दृश्यरक्षणाचा सुविधाधिकार तेवढा सरकारास दिला. जमीन त्यांचीच राहिली. ती विकावी, मुलांस द्यावी. मात्र तिचे लहान तुकडे पाडणे आणि परवानगीवाचून मोठी झाडे तोडणे कायमचे वर्ज्य झाले. मोबदला म्हणून स्थानिक करात सूट मिळाली.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आमच्या अधिकारी वाचकांस परिचित आहे. शेजाऱ्याच्या शेतातून वाट वा पाट नेण्याचा हक्क एका जमिनीच्या सोयीसाठी दुसरीवर असतो. येथे मात्र लाभ कोणत्याही शेताचा नाही, ओसरीत उभ्या राहणाऱ्या परक्या प्रवाशाचा आहे. असा हक्क मानण्यास इंग्रजी परंपरेचा कायदा नाखूष असे. म्हणून अमेरिकेतील राज्यांनी निराळे कायदे केले, आणि १९८१ मध्ये त्यांच्यासाठी एक नमुना कायदाही तयार झाला.

आजोबांनी नातवाचे हात बांधावेत काय, हा आक्षेप उरतोच, आणि तो क्षुल्लक नाही. उद्या नातवास पैशाची निकड पडली तरी तुकडे पाडून विकण्याची वाट त्याला बंद आहे. परंतु नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्या आम्हांस गावच्या वाटण्या ठाऊक आहेत. एकदा तुकडे पडलेले शेत पुन्हा एक होत नाही, तोडलेली आमराई पणतूला दिसत नाही. हात दोन्हीकडे बांधले जातात. त्या कुटुंबांनी ते समजून-उमजून बांधून घेतले, इतकेच.