रुमालांत बांधलेलें राज्य

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. तिचे कागद मात्र राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत ते रुमालांत बांधलेले आहेत. इंग्रजांनीं ते जपले, ते इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. इनामांचे व महसुलाचे पुरावे त्यांस हवे होते. तें कांहीं असो, कागद वांचले. घाटावरील कामशेतास राहणारे गो. स. सरदेसाई यांनीं त्यांतून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत छापून निघाले. उरलेले वाचावयास मोडी जाणणारे डोळे हवेत.

आमच्या दहिवलीच्या घरींही माळ्यावर एक गाठोडें होतें. मोडी शिकूं, मग सोडूं, असें मी वर्षानुवर्षें म्हणत राहिलों. शेवटीं शिकलों आणि सोडलें, तों आंत वाळवीची माती! एका तुकड्यावर ‘मौजे दहिवली’ एवढींच अक्षरें उरलीं होतीं.