दुरुस्ती उपकर (मुंबई)

दुरुस्ती उपकर हा मुंबई शहर जिल्ह्यातील जुन्या, प्रामुख्याने भाडेकरूंच्या निवासी इमारतींवर आकारला जाणारा कर आहे. पावसाळ्यात कोसळण्याचा धोका असलेल्या इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करण्यासाठी आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या इमारतींची पुनर्बांधणी करण्यासाठी त्याची तरतूद करण्यात आली. हा कर लागू असलेल्या इमारतींना 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या भागात त्या आढळतात. गिरगाव, लालबाग, परळ आणि लोअर परळ येथील अनेक चाळी याच प्रकारात मोडतात. उपनगरांतील इमारतींना हा उपकर लागू नाही.

== पार्श्वभूमी ==

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने शहरातील घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरणी कामगारांच्या वस्तीला या संरक्षणाची नितांत गरज होती. परंतु भाड्याच्या उत्पन्नातून इमारत राखणे मालकांना परवडेनासे झाले, आणि काहींना ते नकोसेही झाले. यातील बहुतेक इमारती सागवानी खांब-तुळयांच्या किंवा लोखंडी तुळयांच्या आहेत. मोऱ्या आणि सामाईक शौचालयांतील पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरते, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात वा गंजतात. पावसात विटांचे बांधकाम भिजून जड झाले की आधीच खिळखिळा झालेला सांगाडा तो भार पेलू शकत नाही. त्यामुळे इमारती कोसळण्याच्या घटना जून ते सप्टेंबर या काळात अधिक घडतात.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या बेडेकर समितीनंतर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करण्यात आला. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात (म्हाडा) हे मंडळ समाविष्ट झाले.

== आकारणी ==

इमारतींचे तीन वर्ग आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील 'क' वर्गात येतात. मूळ १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींपैकी १६,५०२ 'अ' वर्गातील, १,४८९ 'ब' वर्गातील आणि १,६५१ 'क' वर्गातील होत्या. पडझड व पुनर्विकासामुळे ही संख्या पुढे बरीच घटली.

उपकर करपात्र मूल्याच्या टक्केवारीत ठरवण्यात आला. वर्गानुसार, तसेच संरचनात्मक दुरुस्ती झाली आहे की नाही यानुसार त्याचा दर बदलतो. महानगरपालिका तो मालमत्ता करासोबत मालकाकडून वसूल करते. मालकाला त्यातील मोठा हिस्सा भाडेकरूंकडून घेण्याची मुभा आहे. व्यवस्थेतील मुख्य पेच येथेच आहे. करपात्र मूल्य भाड्यावरून ठरत असे आणि भाडे १९४० चे होते. म्हणून टक्केवारी मोठी दिसली तरी प्रत्यक्ष रक्कम लहान राहिली. सिमेंट, पोलाद व मजुरी मात्र चालू दराने घ्यावी लागली. ही तूट राज्य शासन आणि महानगरपालिकेच्या अंशदानातून काही प्रमाणात भरून काढली जाते.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वार्षिक चार टक्के वाढीस परवानगी दिली, परंतु मूळ भाडेच अत्यल्प असल्याने अनेक चाळींत फरक नगण्य राहिला.

== दुरुस्तीची मर्यादा ==

मंडळ दुरुस्तीवर प्रति चौरस मीटर ठराविक रकमेपर्यंतच खर्च करू शकते. ही मर्यादा वेळोवेळी वाढवण्यात आली आहे. अंदाजित खर्च तिच्यापलीकडे गेल्यास वरचा भार रहिवाशांनी उचलायचा, अन्यथा इमारत दुरुस्तीस अयोग्य ठरते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडून नियमित वेतन गमावलेल्या लोअर परळ परिसरातील कुटुंबांना अशी वर्गणी काढणे सोपे नव्हते. टेकू लावून तात्पुरता आधार दिलेल्या अनेक इमारतींत त्यामुळे वर्षानुवर्षे वस्ती राहिली.

== पावसाळ्यापूर्वीची यादी आणि स्थलांतर ==

मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी सर्वेक्षण करून अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. रहिवाशांना घर रिकामे करण्याची सूचना दिली जाते व गरजूंना संक्रमण शिबिरात पर्यायी जागा देऊ केली जाते. अनेक कुटुंबे तरीही हलत नाहीत, आणि यामागे केवळ हट्ट नाही. पागडी देऊन मिळवलेला हक्क घराबाहेर पडताच डळमळीत होईल ही भीती असते. काही कुटुंबांच्या दोन पिढ्या संक्रमण शिबिरांत गेल्या आहेत. भूखंड अरुंद असल्याने वा अन्य कारणाने ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभी राहू शकत नाही, अशांना मंडळाच्या 'बृहत्सूची'तून कायमस्वरूपी घर मिळू शकते.

भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ती पुनर्विकास योजनेत समाविष्ट होती, तरीही तेथे वस्ती होती. १६ जुलै २०२० रोजी फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० जण दगावले.

== उपकराबाहेरील चाळी ==

शासकीय मालकीच्या इमारतींना उपकर लागू नाही. लोअर परळमधील ना. म. जोशी मार्गावरील (पूर्वीचा डिलाईल रोड) बीडीडी चाळी त्यामुळे या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती. मुंबईतील २०७ बीडीडी चाळींपैकी ३२ येथे होत्या. म्हाडामार्फत होणाऱ्या त्यांच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य देण्याचे ठरले. त्याच परिसरातील खाजगी चाळीत उपकर भरणाऱ्या भाडेकरूला असा थेट हक्क नाही. त्याला विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) खाली मालक किंवा विकासक पुढे येण्याची वाट पाहावी लागते. या नियमानुसार किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते.

== न्यायालयीन वाद ==

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण जोडण्यात आले. त्यानुसार ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन शासन इमारत संपादित करू शकते. मालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता घटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. आठ-अ प्रकरणाच्या वैधतेचा प्रश्न या निकालात निकाली निघाला नाही.