बेथेलमधला ‘एल’

परभणीहून पेडगाव, मानवत रोड, सेलू करत गाडी जालन्याला पोचते. या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 19व्या शतकात ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत उभी केली आणि तिचं नाव ठेवलं ‘बेथेल’. हिब्रूत ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी पाहतो, सकाळी तोच दगड उभा करून त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल म्हणतो.

‘एल’ हा शब्द एकट्या हिब्रूचा नाही. अक्कादी ‘इलु’, अरबी ‘इलाह’ ही त्याची भावंडं. ‘अल्लाह’ही त्याच कुळातला. निजामाच्या या मुलखाला हे कूळ बेथेल वसण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचं होतं. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे 1929पासून उत्खनन झालं. तिथल्या प्राचीन उगारित नगरीच्या मातीच्या पाट्यांवर ‘एल’ हे एका देवाचं विशेषनाम आहे: देवसभेचा वयोवृद्ध प्रमुख. हिब्रू ग्रंथांत तोच शब्द बिरुदं घेऊन येतो. ‘एल एल्योन’ला मराठी बायबल परात्पर देव म्हणतं, ‘एल शद्दाय’ला सर्वसमर्थ देव.

हिब्रू ग्रंथांतल्या देवाचं दुसरं नाव चार अक्षरांचं: योद, हे, वाव, हे. अभ्यासक बहुधा त्याचा उच्चार ‘याहवे’ मानतात. निर्गमच्या 3ऱ्या अध्यायात मोशे देवाला नाव विचारतो, तेव्हा उत्तर ‘असणे’ या अर्थाच्या धातूतून येतं. 6व्या अध्यायात तर देव सांगतो की अब्राहाम, इसहाक, याकोब यांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, या नावाने त्यांना कळलो नव्हतो. जुना एल आणि नवा याहवे एकच, असं सांगतानाच ग्रंथाने दोहोंमधला सांधा झाकलेला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

हिब्रूत देवासाठी येणाऱ्या ‘एलोहीम’ या शब्दाचं व्याकरण तर याहून बोलकं आहे. रूप अनेकवचनी, पण ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात त्याचं क्रियापद ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केलं’, एकवचनी. ‘बाबा आले’ म्हणताना आपण माणूस एक असून क्रियापद अनेकवचनी करतो. हिब्रूत नेमकं उलट. अनेक देवांच्या जगातून आलेलं नाम एकवचनी क्रियापदाने एका देवाचं करून घेतलं.

पुढे चार अक्षरी नावाचा उच्चारच थांबला. जेरुसलेमच्या मंदिरात योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक ते घेई. एरवी वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, म्हणायचं. नवऱ्याचं नाव एरवी न घेणारी बाई उखाण्यात ते घेते, तसा हा मान. नंतर हस्तलिखितांत त्या चार व्यंजनांना अदोनायच्या स्वरखुणा लागल्या आणि दोन्ही एकत्र वाचून ‘यहोवा’ घडलं. मराठी बायबलात एलोहीमला ‘देव’ आणि त्या चार अक्षरांना ‘परमेश्वर’ आहे. परमेश्वर ही पदवी, नाव नव्हे. अदोनायचीच रीत मराठीने पाळली.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे एलची गत निराळी झाली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796मध्ये बांधणारे सामुएल एझेकिएल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. दोन्ही नावांच्या शेवटचा एल गळला, तिथे आपला ‘जी’ बसला. पण ‘इस्राएल’ या समाजनामात तो टिकला, आणि देव एकच आहे हे सांगणारी ‘शमा’ची प्रार्थनाही टिकली.

शब्दाची वंशावळ कळली म्हणून श्रद्धेला उणेपणा येत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भाषेतला साधा शब्द घेऊन त्यातून एका देवाची ओळख घडवायला माणसांना शतकं लागली. त्या खटाटोपाचा पुरावा जालन्याच्या बेथेलमध्ये दीड अक्षरात शिल्लक आहे.